शब्दचर्चा : ‘चाचणी’ नेमकी कोणाची? संमतीपत्रातले अडणारे शब्द

मूळ प्रश्न : कोऑर्डिनेटर, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार मंडळी. मी औषधसंशोधनात कोऑर्डिनेटर आहे. मधुमेह, थायरॉईड, पीसीओडी असे हार्मोन्सचे आणि चयापचयाचे आजार असलेले पेशंट आमच्याकडे येतात. नव्या औषधाच्या अभ्यासाची माहिती त्यांना देणं, संमतीपत्र वाचून दाखवणं, शंका फेडणं आणि मग सही किंवा अंगठा घेणं, हे माझं रोजचं काम.

आता हे वाक्य बघा : ‘सदर नैदानिक चाचणीत चयापचय विकार असलेल्या सहभागींना यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियुक्त केले जाईल. चाचणी दुहेरी अंध स्वरूपाची असेल.’

मागच्या आठवड्यात मी हे एका बाईंना वाचून दाखवलं. पन्नाशी उलटलेली, गोदाकाठच्या खेड्यातून पहाटेची एसटी धरून आलेली बाई. रिपोर्टांची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून चहाचा घोटही घेतला नव्हता. वाक्य संपलं तशा त्या म्हणाल्या, “चाचणी झाली की माय मंगळवारी. हातातून रगत घेतलं, लघवी घेतली. आता आनि कशाची?” मी चयापचय समजावायला लागले, तर म्हणाल्या, “अपचन न्हाई मला. भाकर चांगली पचती. शुगर हाय.” मग आवाज खाली आणून विचारलं, “अंध म्हंता, म्हंजी डोळ्यावर होतं का याचं?” शुगरनं शेजारणीची नजर गेलेली त्यांनी पाहिली होती.

मुलगा मागून म्हणत होता, “कर ना सही, फुकट औषध मिळतंय.” मी त्या दिवशी सही घेतली नाही.

क्लिनिकल ट्रायलचे 2019 चे नियम सांगतात की पेशंटला वाचता येत नसेल, तर संमतीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर पाहिजे. आमच्याकडे तो असतोच. पण शब्दच पोचला नाही, तर साक्ष तरी कशाची देणार? म्हणून विचारते : चाचणी (ट्रायल), चयापचय (मेटाबॉलिझम), यादृच्छिक (रँडम), दुहेरी अंध (डबल ब्लाइंड) या चार शब्दांना तुमच्या भागात काय म्हणाल? प्लासिबोलाही, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी, तिलाही एखादा शब्द सुचला तर हवाच आहे.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षिका, परभणी

त्या बाईंची चूक नाही, कान बरोबर आहे. चयापचय म्हणजे चय अधिक अपचय. ‘चि’ हा धातू रचण्याचा, साठवण्याचा. संचय, निचय त्यातलेच. अपचय म्हणजे साठलेलं मोडणं, खर्ची पडणं. अपचन आलं ‘पच्’पासून, म्हणजे शिजणं, पचणं. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण उच्चारात एका अक्षराचाच फरक. एकदा वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्याला ओळखीचाच शब्द ऐकू येणार.

शब्द सुरेख आहे, तो पाठ्यपुस्तकात राहू द्या. बोलताना मी ‘शरीराचा जमाखर्च’ म्हणेन. खाल्लेल्याचं किती साठवायचं, किती खर्चायचं, याचा हिशोब. मोंढ्यात आवक-जावक रोज बघणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

चाचणीबद्दल : आमच्या कृषी विद्यापीठामुळे इकडच्या शेतकऱ्याला ‘वाणाची चाचणी’ माहीत आहे. एका पट्ट्यात नवं बी, शेजारच्या पट्ट्यात नेहमीचं, खतपाणी दोन्हीला सारखं, आणि मग उतारा मोजायचा. शब्दात खोट नाही. खोट आहे ती ‘चाचणी’ एकटी सोडण्यात. ‘वाणाची चाचणी’ म्हटलं की कोणी शेतकऱ्याची चाचणी समजत नाही. तसं दर वेळी ‘औषधाची चाचणी’ लिहा, आणि रक्तालघवीला फक्त ‘तपासणी’. षष्ठीचा एक प्रत्यय पुष्कळ काम करतो.

प्रतिसाद : फिजिशियन, लातूर

‘औषधाची चाचणी’ एकदम पटलं. पण शेताची उपमा जपून वापरा. जमीन नाही म्हणत नाही, अर्ध्यावर सोडून जात नाही. पेशंट कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो, आणि तरी त्याचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पट्ट्यांचं उदाहरण दिलं की त्याच दमात हेही सांगायला हवं.

‘नैदानिक’ मात्र काढाच. निदान म्हणजे आजार ओळखणं. क्लिनिकलला नैदानिक म्हणणं हिंदीतून आलेलं दिसतं, आणि मराठी पेशंटला ते पुन्हा तपासणीकडेच ढकलतं.

चर्चा हार्मोन्सचीच आहे, तर आणखी एक गोंधळ मांडतो. रोज ओपीडीत भेटतो. “मला थायरॉईड आहे.” थायरॉईड प्रत्येकाच्याच गळ्यात आहे! आजार कमी स्रवण्याचा की जास्त, ते या वाक्यात कुठेच नाही. त्यावर कडी म्हणजे “थायरॉईड वाढलाय.” रिपोर्टात टीएसएच वाढलेलं असतं. ते थायरॉईडचं हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉईडला धाडते ती ताकीद आहे. खालून काम कमी पडलं की वरून ताकीद वाढते. म्हणजे पेशंट ‘वाढलाय’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा थायरॉईड मंदावलेला असतो. त्यात गळ्याला गाठ दिसली की तीही ‘वाढलाय’च. तिला आपल्याकडे गलगंड हा चांगला जुना शब्द आहे. अभ्यासात कोणाला घ्यायचं हे ठरवताना या एका क्रियापदानं उलटा पेशंट आत येऊ शकतो. मी आता ‘थायरॉईड मंद’ आणि ‘थायरॉईड तेज’ म्हणतो. पेशंट घरी जाऊन तेच शब्द सांगतात.

उलट, ‘तीन महिन्यांची शुगर’ हा लोकांनीच घडवलेला शब्द बघा. एचबीए1सीला यापेक्षा चांगलं नाव मला देता आलं नसतं. साधारण तेवढ्याच काळाची सरासरी ती तपासणी दाखवते. 6.5 टक्के किंवा वर गेली की मधुमेह धरतात. संमतीपत्रात मात्र ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’. का?

प्रतिसाद : द्राक्षबागायतदार, जालना जिल्हा

हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण हार्मोन म्हटल्यावर लगेच कळलं. आम्ही द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं हार्मोन) देतो, त्याला संजीवक म्हणतात. टाकीभर पाण्यात चिमूटभर. वेळ चुकली किंवा मात्रा चुकली तर घड बिघडतो. माणसाच्या अंगातलंही असंच असेल, तर ‘अंगातलं संजीवक’ म्हणा की. आमच्या आईला इन्सुलिन चालू आहे. तिला मी असंच सांगितलं.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षिका, परभणी

बागायतदार दादा, उत्तम. फक्त एक भीती : संजीवक म्हटलं की ते चांगलंच, जितकं जास्त तितकं बरं, असं वाटेल. संप्रेरकात ‘प्रेर्’ आहे, पुढे ढकलणारं, हलवणारं. स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं 1905 साली हार्मोन शब्द वापरात आणला, तोही चेतवणं, गती देणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. म्हणजे आपला शब्द मुळाशी तंतोतंत जुळतो. तरीही पेशंटशी बोलताना ‘हार्मोन’च म्हणावं असं मला वाटतं. तो आता मराठीच झाला आहे.

प्रतिसाद : परिचारिका, नांदेड

यादृच्छिक : आमच्याकडे ‘चिठ्ठी टाकून’. सरपंचपदाचं आरक्षण कसं निघतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, लहान पोराच्या हातानं चिठ्ठी काढतात. ग्रामपंचायतीला समसमान मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी. मी आधी ईश्वरचिठ्ठीच म्हणायचे. एका आजोबांनी हात जोडले, “देवानं दिलेली गोळी, आता सोडता येती का?” तेव्हापासून नुसती चिठ्ठी, आणि ती आता कॉम्प्युटर काढतो एवढं सांगते. उर्दू बोलणाऱ्या पेशंटना ‘कुरा’ म्हटलं की पुरतं. हजच्या सोडतीचा शब्द आहे.

‘दुहेरी अंध’ मधुमेहाच्या पेशंटपुढे उच्चारूच नये. “कोणाला कोणती गोळी, हे तुम्हालाही माहीत नसतं, आम्हालाही. गरज पडली तर तेवढं नाव उघडता येतं.” शेवटचं वाक्य विसरू नका. पेशंटला धीर त्यानं येतो.

प्लासिबोला ‘नकली औषध’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. नकली म्हणजे फसवणूक! मी ‘कोरी गोळी’ म्हणते. कोरा कागद, कोरा चहा, तशी कोरी गोळी. दिसायला हुबेहूब, आत औषध नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘कोरी गोळी’ वाचून मी खुर्चीतून उठले. इतकी वर्षं हा शब्द का सुचला नाही!

छापील संमतीपत्रातला शब्द मला माझ्या मनानं बदलता येत नाही, तो एथिक्स कमिटीपुढे जावा लागतो. तुमचे शब्द घालून मसुदा डॉक्टरांकडे दिला आहे : ‘ही नव्या औषधाची चाचणी आहे. तुम्हाला औषधाची गोळी मिळेल की कोरी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. कोणती मिळाली, हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील. कधीही नाही म्हणू शकता.’ ‘क्लिनिकल’ला शब्द ठेवलेलाच नाही, आणि वाक्याचं काही अडलं नाही.

छापील कागद बदलेपर्यंत तोंडी समजावताना हे शब्द वापरायला कोणाची हरकत नाही. काल त्या बाई पुन्हा आल्या होत्या, तीच पिशवी घेऊन. मी तेच वाक्य वाचून दाखवलं आणि मग या शब्दांत सांगितलं. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग विचारलं, “कोरी निघाली अन् शुगर वाढली, तर मला कधी सांगताल?” किती शुगर झाली की फोन करायचा, कोण करणार, वरून कोणतं औषध सुरू होईल, हे सगळं मी कागदावर बोट ठेवून दाखवलं. मुलगा या वेळी काही बोलला नाही. त्या म्हणाल्या, “सोयाबीन निघू द्या. मंग सांगते.”