एनसीपी चालत होतं, मग टीसीपी/आयपी का?

प्रश्न: अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकी संगणक-जाळं) एनसीपी (यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच) नीट चालत होतं ना? मग 1 जानेवारी 1983 ला सगळ्यांना एकदम टीसीपी/आयपीवर (इंटरनेट आजही ज्यावर चालतं ती प्रोटोकॉलची जोडी) का ढकललं? हळूहळू नसतं जमलं?

उत्तर 1: एनसीपीचा सगळा भरवसा खालच्या जाळ्यावर. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं तर पुन्हा पाठवायची सोय त्यात नव्हतीच, ते आयएमपी (पॅकेटं पुढे पोचवणारे जाळ्यातले छोटे संगणक) सांभाळत. अर्पानेटपुरतं ठीक, रेडिओ आणि उपग्रहाच्या जाळ्यांत पॅकेटं गळतात. म्हणून टीसीपीने क्रमांक, चेकसम (चूक पकडणारी बेरीज), पोच आणि फेरपाठवणी दोन्ही टोकांच्या यंत्रांवर टाकली.

उत्तर 2: पत्त्याचंही बघा. सुरुवातीला 8 बिट: 6 आयएमपीला, 2 होस्टला (आयएमपीला जोडलेल्या यंत्राला). म्हणजे 64 आयएमपी, प्रत्येकी 4 यंत्रं! पुढे पत्ता वाढवला, तरी ‘कुठलं जाळं’ हे सांगायला जागा नव्हती. आयपीच्या 32 बिटांत जाळ्याचा क्रमांक आधी येतो.

उत्तर 3: एकदम कुठे? जॉन पोस्टेलच्या आरएफसी 801 मध्ये (आरएफसी म्हणजे जाळ्याच्या नियमांचे जाहीर दस्तऐवज, पोस्टेल त्यांचे संपादक) 1982 चं अख्खं वर्ष दिलंय. तोवर दोन्ही प्रोटोकॉल जाणणारी यंत्रं मध्यस्थ म्हणून टेलनेट (दूरच्या यंत्रावर लॉगिन), फाइली, मेल पोचवणार होती. तरी चालढकल झालीच. मग 1982 च्या मध्यात एनसीपी दिवसभर बंद ठेवलं, तेव्हा कुठे लोक हलले.