शब्दचर्चा: लस, लसीका, लसीकावाहिनी

नौपाडा, ठाणे:
आमच्या इमारतीतल्या काकूंच्या नातीच्या दोन्ही पावलांवर जन्मापासून सूज आहे. डॉक्टर म्हणाले, 'लसीकावाहिन्यांचा जनुकीय दोष.' काकूंनी ऐकलं 'लसीचा दोष', आणि आता पुढचा डोस नको म्हणताहेत. लस आणि लसीका यांचं काही नातं आहे का?

वाशी:
शब्दांचं आहे, आजाराचं नाही. 'जखमेतून लस येतेय' म्हणतो ना, तीच लस. त्वचेखालच्या, व्रणातून पाझरणाऱ्या पाण्याला चरकसंहितेतही लसीका म्हटलंय. देवीची लस म्हणजे फोडातलं पाणीच. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत. १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. पुढे फोडाची जागा बाटलीने घेतली, शब्द तोच राहिला. डोस थांबवायला लावू नका. सुजलेला पाय सोडून कुठे टोचायचं, ते डॉक्टरांना विचारा.

नौपाडा, ठाणे:
मग 'रसवाहिनी' म्हटलं तर?

ऐरोली (जीवशास्त्र शिकवते):
नको, शाळेच्या पुस्तकात रसवाहिनी झाडाची असते. लसीकावाहिन्या रक्तातून ऊतींत झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडतात. गर्भात त्या मुख्यतः शिरांमधूनच फुटतात. प्रॉक्स-१ हे जनुक चालू झालं की शिरेतल्या काही पेशी लसीकेच्या वाटेला लागतात आणि व्हीईजीएफ-सी हे प्रथिन जिकडे असेल तिकडे वाढत जातात. ते प्रथिन ओळखणारा रिसेप्टर व्हीईजीएफआर-३. त्याच्या जनुकात बिघाड असला की मिलरॉय रोग: जन्मतः पावलं सुजलेली. फॉक्स-सी-२ हे जनुक बिघडलं तर सूज बहुधा वयात येताना दिसते, आणि पापण्यांना केसांची दुसरी ओळ असते! नातीला यातलं काय आहे ते तपासणीच सांगेल.

मला जास्त काळजी 'जनुकीय' शब्दाची वाटते. तो ऐकला की घरात 'कुणाकडून आलं?' सुरू होतं आणि बोट सुनेकडे जातं. जनुकीय म्हणजे आनुवंशिकच असं नाही. मिलरॉयमध्ये आई किंवा वडील, कुणा एकाकडे बदल असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. पण तो बाळातच पहिल्यांदा झालेलाही असू शकतो. लसीकावाहिन्यांच्या जन्मजात गाठींत तर पीआयके-३-सीए या जनुकातला बदल बहुधा तेवढ्याच जागच्या पेशींत सापडतो, आईबापांत नाही. दोन शब्द वेगळेच ठेवा.

कळवा:
याला हत्तीरोग म्हणतात ना?

ऐरोली:
नाही. हत्तीरोगात डासांतून आलेले जंत याच वाहिन्यांत राहतात. वाहिन्या त्याच, कारण वेगळं.

नौपाडा, ठाणे:
काकूंना सांगितलं, 'पायातलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या पोटात असतानाच नीट वाढल्या नाहीत. कुणाची चूक नाही, लसीची तर नाहीच.' सुनेला समोर बसवून सांगितलं. आता एकच: लसिका की लसीका?

वाशी:
छापील पुस्तकांत दोन्ही दिसतात. संस्कृतात 'सी' दीर्घ आहे, मी तसंच लिहितो.