प्रतिसाद: डबा बरोबर, तार चुकली
आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत घरच्या अँटेनाने पकडायचा आहे; १५ सेंमी व्यासाचा डबा, १ मीटरची डिश, आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) सगळं आहे, तरी हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झला आलेखात उंचवटा नाही, अशी तक्रार आहे. डबा योग्यच आहे. शंका डब्यातल्या, संकेत पकडणाऱ्या तारेची. ती सुमारे ५ सेंमी लांब आणि बंद बुडापासून ९ सेंमीच्या आसपास हवी. बरेच जण मोकळ्या हवेतल्या २१ सेंमी तरंगलांबीचा पाव धरून ५.३ सेंमी अंतर ठेवतात. पण एवढ्या डब्यात तरंगलांबी वाढून ३७ सेंमी होते, पाव तिचा घ्यायचा.

एलएनए (क्षीण संकेत वाढवणारा, कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर) डब्यालाच जोडा. पाच मीटर केबलनंतर लावला तर वरातीमागून घोडं. एजीसी (संकेताची वाढ आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. मध्य वारंवारता १४२०.० ठेवा, म्हणजे आलेखाच्या मधोमध उठणारा एसडीआरचा स्वतःचा काटा हायड्रोजनच्या रेषेवर बसणार नाही.

मुख्य गोष्ट: नुसत्या आलेखात रिसीव्हरचा स्वतःचाच बाकदार आकार दिसतो. आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाची ५ मिनिटांची सरासरी घ्या, मग हंस तारकासमूहाकडची तेवढीच, आणि दुसरीला पहिलीने भागा. काहीशे किलोहर्ट्झ रुंद टेकडी उठली पाहिजे. सुईसारखी रेघ आली तर ती बहुधा लॅपटॉपची किंवा एलईडी दिव्याची कटकट. हायड्रोजन इतका टोकदार नसतो.