प्रतिसाद: हळदीचे दूध आणि मिरी
‘हरिपूरच्या पेवातली हळद दुधातून घेतली की सांधेदुखीला गोळी लागत नाही’ या मताला थोडी पुस्ती जोडतो. पेवात, म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात, हळद कीड न लागता टिकते, हे खरेच. पण तिच्यात कुर्क्युमिन (हळदीतला पिवळा, औषधी मानला जाणारा घटक) शेकडा काही भागच असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जे थोडे शोषले जाते त्याचे आतड्यात व यकृतात लगेच रूपांतर होऊन ते शरीराबाहेर पडते. बंगळुरूच्या १९९८ सालच्या अभ्यासात २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर त्याची रक्तातील उपलब्धता सुमारे २० पट वाढली, कारण पायपरीन हे रूपांतर मंदावते. (चिमूटभर मिरीत एवढे पायपरीन नसते.) मात्र फेनिटॉइनसारख्या फेफऱ्यावरील औषधाची रक्तातील पातळीही पायपरीनमुळे वाढू शकते, म्हणून ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कुर्क्युमिन आणि पायपरीन असलेल्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.