मदत हवी आहे: यूआयूसीला पहिल्या वर्षासाठी आयएसआर, आइक की ॲलन?

नमस्कार मंडळी,

लेकीला इलिनॉय युनिव्हर्सिटीला अर्बाना-शॅम्पेनमध्ये (म्हणजेच यूआयूसी) कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, डिपॉझिट भरून झालं, कॉलेजच्या नावाचा टीशर्ट घालून मिरवूनही झालं, आणि आता राहायच्या हॉलवरून (म्हणजे हॉस्टेलवरून) आमच्याकडे रोज रात्री जेवताना वाद चाललेत. पहिल्या वर्षी बाहेर अपार्टमेंट घेऊन राहता येत नाही, युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये नाहीतर त्यांनी मान्यता दिलेल्या प्रायव्हेट हाउसिंगमध्येच राहावं लागतं. प्रायव्हेट आम्ही आधीच बाद केलंय त्यामुळे खरं तर फक्त हॉल ठरवायचाय पण ते काही ठरत नाहीये.

घरात माणसं तीन आणि मतंही तीन. नवऱ्याचं म्हणणं आयएसआर, म्हणजे इलिनॉय स्ट्रीटवरचे ते दोन टॉवर, टाउनसेंड आणि वॉर्डॉल. कारण काय तर फिजिक्सची लूमिस लॅब रस्त्यापलीकडे, ग्रेंजर लायब्ररी आणि ईसीईची (इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची) बिल्डिंग आरामात चालत जाण्यासारखी, शिवाय खालीच मोठं नूतनीकरण केलेलं डायनिंग. त्याने एक्सेल शीट बनवलंय, प्रत्येक हॉलला मार्क दिलेत, आणि वेटेज बरोब्बर असं लावलंय की काहीही केलं तरी आयएसआरच पहिला येतो.

लेकीला आयकेनबेरी कॉमन्स हवंय, मुलं नुसतं आइक म्हणतात. ते शॅम्पेनच्या बाजूला, जिम जवळ, ढीगभर फ्रेशमन (पहिल्या वर्षाची मुलं) तिथेच, आणि ग्रुप चॅटवर ज्या मुलींशी आत्ताच जिवाभावाची मैत्री झाली आहे (प्रत्यक्षात एकीलाही भेटलेली नाही) त्या सगळ्या तिथे जाणार. त्यातही तिला नुजंट, बाउसफील्ड किंवा वसाजाच पाहिजे. नुजंट 2010 चा, बाउसफील्ड 2013 चा, वसाजा 2016 चा, म्हणजे नवे कोरे, एसी वगैरे, आणि अर्थात महाग. वसाजा हे कार्लोस मॉन्टेझुमा यांचं जन्मनाव, 1884 मध्ये इथून पदवी घेणारे ते पहिले नेटिव्ह अमेरिकन, हे मला तिनेच सांगितलं, म्हणजे अभ्यास भरपूर झालाय फक्त सोयीच्या बाजूने.

आणि माझं मन ॲलन हॉलवर आहे. तिथे युनिट वन म्हणून लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी आहे, 1972 पासूनची, हॉलमध्येच काही क्रेडिटचे क्लास होतात, कलाकार-कार्यकर्ते मंडळी पाहुणे म्हणून येऊन राहतात, वाद्यांच्या रियाजाला खोल्या आहेत. पोरगी लहानपणापासून व्हायोलिन वाजवते आणि इंजिनिअरिंगच्या रगाड्यात ते सुटणार असं मला दिसतंय. तर बाईसाहेब म्हणाल्या, "आई, तिथे तुला राहायचंय की मला?"

तर ज्यांची मुलं तिथे आहेत किंवा जे स्वतः राहून आलेत त्यांनी प्लीज सांगा, अंतराचा खरंच एवढा फरक पडतो का, की बस आहे म्हणून चालून जातं? एसीसाठी जास्त पैसे द्यावेत का? कॉमन बाथरूमचं काय? आणि ग्रुप चॅटवरची मैत्रीण रूममेट म्हणून घ्यावी की जे येईल ते बरं? आमचं कॉलेज इकडे झालेलं नाही त्यामुळे या बाबतीत आम्ही दोघंही कोरे आहोत.

प्रतिसाद: शेजारचा_काका

अभिनंदन! मुलगा तिथेच शिकला, तोही इंजिनिअरिंगला. एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, ती म्हणजे जेवण. मील प्लॅन असला की कुठल्याही डायनिंग हॉलमध्ये जेवता येतं, आयएसआरला राहणारा आइकला जेवतो आणि उलटही, म्हणून त्या कॉलमचे मार्क शून्य करायला सांगा मिस्टरांना. बसचं म्हणाल तर आय-कार्ड (युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र) दाखवून फुकट, म्हणजे पैसे फीमध्येच घेतलेले असतात. पण आइकपासून सीबेल (कॉम्प्युटर सायन्सची बिल्डिंग) किंवा ईसीईपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा, आणि बसस्टॉपवर जानेवारीच्या वाऱ्यात उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट. सपाट प्रदेश, वारा अडवायला काही नाही. तरीही मुलं करतातच हो, मरत नाहीत. फक्त सकाळचे क्लास बुडायला लागतात, हे कोणी सांगत नाही.

एसी: सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटाला सुरू होतं, सप्टेंबरचा काही भाग घामाचा, मग पुन्हा एप्रिल-मेमध्ये थोडं. मधले सगळे महिने हीटर. एक बरा पंखा घेऊन भागतं, पण तिला ॲलर्जी किंवा दमा असेल तर मात्र एसीचाच हॉल घ्या, आणि तसं असेल तर डॉक्टरच्या पत्रासह वेगळा अर्ज करता येतो, तो लवकर करा. जुन्या हॉलमध्येही सगळीकडे सारखं नाही, रूम टाइपसमोर काय लिहिलंय ते एकेक वाचा.

प्रतिसाद: ढगाळ

काकू, मी आइकमध्ये राहिले आहे, आता बाहेर राहते. तुमची लेक म्हणते ते चुकीचं नाहीये. पहिले काही आठवडे सगळ्यांचे दरवाजे उघडे असतात, कोणीही कोणाच्याही रूममध्ये जाऊन बसतं, तेव्हा ज्या ओळखी होतात त्याच बऱ्याचदा टिकतात, आणि आइकमध्ये ते आपोआप होतं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की फुटबॉलचं मेमोरियल स्टेडियम जवळच आहे, मॅचच्या शनिवारी अभ्यास विसरायचा. आणि नव्या हॉलबद्दल एक सांगू का, ते छान आहेत पण जुन्या हॉलमधली मुलं जास्त एकमेकांत मिसळतात असं मला वाटायचं, कारण रूममध्ये बसवत नाही म्हणून सगळे लाउंजमध्ये!

आयएसआर बोअर आहे हे ऐकून असाल तर तेही खरं नाही, तिथे इंजिनिअरिंगची मुलं खूप, प्रॉब्लेम सेट (गृहपाठाची गणितं) अडला की त्याच मजल्यावर कोणीतरी सापडतं. ही गोष्ट मला आइकमध्ये मिळाली नाही, मला ग्रेंजरला जाऊन बसावं लागायचं आणि रात्री परत यायचा कंटाळा.

कॉमन बाथरूमची सवय आठवड्यात होते. शॉवरच्या चपला आणि साबण-शाम्पू न्यायला भोकांची कॅडी (छोटी टोपली), बस. नव्या हॉलमध्ये दार बंद करता येतं अशा सुट्या बाथरूम असतात, ते ज्यांना खरंच महत्त्वाचं त्यांनीच पैसे द्यावेत.

ॲलन मस्त आहे पण तिथे जिला जायचंय तिनेच जावं. आईने पाठवलेली ओळखू येते 😀

प्रतिसाद: मीच_ती (धागाकर्ती)

हाहा, ढगाळ, शेवटचं वाक्य लेकीला वाचून दाखवलं, तिने स्क्रीनशॉट काढून बाबाला पाठवला. काका, दमा नाही, पण धुळीची ॲलर्जी आहे थोडी. हे आम्ही धरलंच नव्हतं. रूममेटचं कोणी सांगेल का? आणि नवरा म्हणतोय हाउसिंग ऑफिसला फोन करून मीच सगळं विचारतो.

प्रतिसाद: कडक_चहा

मी दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत आरए होते, म्हणजे मजल्यावरच्या पोरांची अर्धी ताई अर्धी वॉर्डन, त्यामुळे इमारतीबद्दल काही सांगत नाही पण बाकी सांगते.

फोन लेकीनेच करायचा. फर्पा म्हणून 1974 चा कायदा आहे, मूल कॉलेजला गेलं की त्याच्या रेकॉर्डचे हक्क त्याचे, तुम्ही फी भरत असलात तरी. सर्वसाधारण माहिती तुम्हालाही देतील, पण तिच्या अर्जाचं काय झालं हे तिने विचारलेलं बरं. कॉन्ट्रॅक्ट तिच्या नावावर आहे, आणि अगं, पुढे रूममेटशी वाजलं तरी आरएकडे जायचंय तिलाच, आईने ईमेल पाठवून ते मिटत नाही.

रूममेटचं: मैत्रीण आणि रूममेट या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. चॅटवर गोड बोलणारी रात्री तीनला लाइट लावून व्हिडिओ कॉल करत बसेल तर गोडवा महिनाभर टिकतो. तिला सांग, त्या मुलीला आवडती गाणी विचारू नको, झोपते किती वाजता, अलार्म किती वेळा वाजू देते, खोलीत पाहुणे कितपत चालतात, आजारी पडली की काय करते, तिच्या वस्तू वापरल्या तर चालतं का, हे विचार. या प्रश्नांवर जी चिडते तिच्यासोबत राहू नये. आणि सुरुवातीला रूम बदलून देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, काही आठवडे थांबावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

बाकी पॅकिंग करताना हॉट प्लेट, मेणबत्ती, उदबत्ती, समई यातलं काही टाकू नकोस. फायर अलार्म वाजला की पहाटे थंडीत अख्खी बिल्डिंग बाहेर उभी राहते आणि सगळ्यांना कळतं कोणामुळे. बॅटरीचा दिवा चालतो. राइस कुकरचं हॉलच्या यादीत बघ, साध्या एक्स्टेंशन कॉर्डऐवजी सर्ज प्रोटेक्टर घे.

प्रतिसाद: नुसता_वाचक

एक्सेल शीट इथे टाकता येईल का, आमचा पण मुलगा पुढच्या वर्षी जाणार आहे. वेटेज आम्ही बदलून घेऊ.

प्रतिसाद: मीच_ती (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. तिनेच फोन केला, स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत, आणि आम्हाला हॉलमध्ये, म्हणजे आमच्या घरच्या हॉलमध्ये, बसवून ठेवलं. धुळीच्या ॲलर्जीवरून डॉक्टरांशी बोलणार आहे, तेही तीच. पसंतीक्रम असा भरलाय: वसाजा, मग आयएसआर, मग नुजंट. ॲलन यादीत नाही. व्हायोलिन मात्र नेणार म्हणते, कुठे वाजवणार विचारलं तर बघू म्हणाली. चॅटवरच्या दोन मैत्रिणींना कडक_चहाचे प्रश्न पाठवले, एकीने लगेच मोठं उत्तर लिहिलं आणि दुसरीने नुसता अंगठा दाखवला, त्यामुळे रूममेटचं ठरल्यात जमा आहे. नवरा अजून शीटमध्ये वसाजा पहिला आणायचा प्रयत्न करतोय.

आता शेवटचं, हॉलमधल्या गादीला ट्विन एक्सएल साइजच्या चादरी लागतात म्हणे, ती नक्की काय भानगड आहे? घरात साध्या ट्विनच्या चादरी पडून आहेत, त्या नाही का चालणार?

प्रतिसाद: शेजारचा_काका

वरची सुटी चादर चालेल, गादीच्या कोपऱ्यांना अडकवायची फिटेड नाही. साधी ट्विन गादी 75 इंच लांब असते, ही 80 इंच, कोपरा रोज रात्री निसटतो. दोन सेट घ्या. एक धुवायला टाकला की दुसरा लागतो, आणि पहिला तिथेच बास्केटमध्ये पडून राहतो हे गृहीत धरा.