थोरल्या भावाचं काय चुकलं? (बायबल, लूक 15)

इंदूरची_ताई:
जय ख्रिस्त सगळ्यांना. बुधवारची घरोघरी प्रार्थना या वेळी आमच्याकडे होती, पोहे-चहा मीच केला. उधळ्या पुत्राचा दाखला वाचला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट: धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवून परत येतो, आणि बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी घालतो. सगळे बापाची केवढी दया म्हणून डोळे पुसत होते आणि मला मात्र थोरल्याचंच वाईट वाटत होतं. तो बिचारा शेतातून थकून येतोय, आत गाणं-नाच चालू, आणि काय चाललंय ते त्याला नोकराला विचारून कळतं! मला कधी एक करडू दिलं नाही म्हणतो ते काय खोटंय का. खरं सांगायचं तर घरचंच दुखणं आहे, आई चार वर्षं पलंगाला खिळलीय, डायपरपासून सगळं मी करते, आणि भाऊ बडोद्याहून मागच्या महिन्यात दोन दिवस आला तर आईने पलंगावरूनच फर्मान काढलं, त्याच्यासाठी श्रीखंड कर. केलं. पण रात्री मोरीत भांडी घासताना रडले. मी वाईट ख्रिस्ती आहे का?

पलासियाकर:
वाईट कशाला हो. हिशोब बघा ना, बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 21:17 प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला तिसरा हिस्सा, तो त्याने उडवला. उरलं ते सगळं थोरल्याचं. म्हणजे कापलेलं ते पुष्ट वासरूसुद्धा एका अर्थी त्याच्याच वाट्यातलं! राग येणारच. "माझे आहे ते सर्व तुझेच आहे" हे आपण गोड वाक्य म्हणून वाचतो पण बाप तिथे वाटणीच सांगतोय.

शाळामास्तर_निवृत्त:
ताई, बापाला लांबून बघून कळवळा आला असं आहे ना, तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय. आणि जुन्या करारात दयेसाठी जो हिब्रू शब्द येतो तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला. आपण मराठीत अपराध पोटात घाल म्हणतो, तेच की! मला तर हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली. दुसरं म्हणजे बाप दोनदा घराबाहेर पडतो, धाकट्यासाठी धावत आणि थोरल्याची समजूत घालायला, ते दुसरं कोणी लक्षात ठेवत नाही. थोरला चिडून "हा तुमचा मुलगा" म्हणतो, बाप हळूच दुरुस्त करतो, "हा तुझा भाऊ". आणि थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही, कारण ऐकणाऱ्यांत कुरकुरणारे परूशी नि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे कडक यहुदी धर्मपंडित होते, उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

भिया_सीधी_बात:
दाखला राहू द्या, भावाकडे दर महिन्याला पैसे मागा.

लाल_चर्च_वाला:
वरच्या भियाचं पण बरोबर आहे. मी कॅथलिक, म्हणून आमच्याकडचं सांगतो. सिस्टर राणी मारिया या आमच्या ननला 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमधून उतरवून भोसकून मारलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच इंदूरात तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं, मी गर्दीत पार मागे उभा होतो. तिच्या सख्ख्या बहिणीने, त्यापण सिस्टरच, मारेकऱ्याला जेलमध्ये जाऊन राखी बांधली. पण कधी, तर 2002 मध्ये. सात वर्षं मध्ये गेली हो. तुम्ही एका बुधवारात स्वतःला वाईट ठरवून मोकळ्या झालात.

इंदूरची_ताई:
मास्तर, "हा तुझा भाऊ" वाचून परत रडू आलं पण ते वेगळं. आणि बाप बाहेर येतो हे मी इतक्या वेळा वाचूनही कधी पाहिलंच नव्हतं, बहुतेक चिडलेली असताना तेवढ्या ओळी डोळ्यांखालून जात नाहीत. भाऊ पुढच्या रविवारी येतोय. चक्का मी टांगते, पण आईची रात्रीची ड्यूटी तुझी असं फोनवर सांगून टाकलं. आधी गप्प बसला, मग विचारतो, डायपर कुठल्या साइजचं आणू.