मदत हवी आहे: खणाचे कंदील अमेरिकेला पाठवायचे कसे? पोस्ट बंद, ड्युटी आणि जीएसटीचा घोळ

मिरजकरीण:

नमस्कार मंडळी. पितृपक्ष संपत आला, चार दिवसांवर घटस्थापना, आणि माझ्या पुढच्या खोलीत खणाचे 34 आकाशकंदील घड्या घालून पडलेत. दर वर्षी या सुमाराला निम्मे तरी रवाना झालेले असतात. यंदा एकही नाही.

मी मिरजेची. घरात दोन शिलाई मशिनं, मी आणि शेजारच्या दोघीजणी. गुळेदगुड्डचा खण आणायचा, त्याचे बटवे, पर्स, तोरणं शिवायची आणि दिवाळीआधी घडीचे कंदील. परदेशची सुरुवात भाचीमुळे झाली. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. तिने एक कंदील दाराशी लावला, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुठून आणलास विचारलं, आणि सहा वर्षांत तिथली सत्तरएक गिऱ्हाइकं झाली. ऑर्डर व्हॉट्सॅपवर, पैसे भाचीकडे जमा, ती एकदम मला पाठवते. माल पोस्टाने. आजवर ड्युटीचा, म्हणजे तिथल्या आयातकराचा, एक पैसा कोणी दिलेला नाही, कारण माझं कुठलंच पार्सल 800 डॉलरच्या माफीच्या मर्यादेजवळही जात नसे.

21 ऑगस्ट 2025 ला मी तीन पार्सलं पोस्टात टाकली आणि चौथ्या दिवसापासून अमेरिकेचं बुकिंगच बंद झालं. परवा त्यातलं एक परत आलं. चिकटपट्टीवर चिकटपट्टी, माझ्याच अक्षरातला एडिसनचा पत्ता काट मारलेला. आत कंदिलाच्या झिरमिळ्या अशा चुरगळल्या होत्या की ओल्या फडक्याखालून इस्त्री फिरवत बसले. बाकीची दोन कुठे आहेत देव जाणे. खासगी कुरियरवाल्याने 2 किलोला साडेपाच हजार सांगितले. वर म्हणतो, ड्युटी घेणारा भरेल, किती ते आत्ता सांगता येणार नाही. हजाराच्या कंदिलाला कोण भरणार?

मग म्हटलं, जाऊ दे, इथेच ऑनलाइन विकू. एका मोठ्या साइटवर दुकान उघडायला गेले तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर. माझी वर्षाची विक्री सहा लाखांच्या आत आहे. चाळीस लाखांपर्यंत नंबर लागत नाही ना? जर्मनीतल्या एका मंडळाचीही 40 कंदिलांची चौकशी आली आहे, पण आता हो म्हणायची भीती वाटते.

कुणी यातून गेलं असेल तर नीट समजावून सांगा. मला फॉर्म भरायची भीती नाही, कुठला भरायचा तेच कळत नाही.

बेरकी:

सोपं आहे ताई. वर ‘गिफ्ट’ लिहा, किंमत शंभर डॉलरच्या आत दाखवा. सगळे हेच करतात.

जर्सीची काकू:

बेरकी, तुम्ही सांगून मोकळे व्हाल, फसेल ती. गिफ्ट म्हणजे मी माझ्या बहिणीला पाठवते ते. पैसे घेऊन पाठवलं की ती विक्री. आणि सध्या आपलं पोस्ट अमेरिकेला गिफ्टही घेत नाही. आधी शंभर डॉलरपर्यंतची भेट आणि पत्रं चालू ठेवली होती, ऑगस्ट संपता संपता तीही थांबली.

मिरजकरीण, इकडचं सांगते. 800 डॉलरपर्यंतचा माल ड्युटीशिवाय येऊ देण्याची सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्याच देशांसाठी गेली. त्यात भारताच्या मालावर 7 ऑगस्टला 25 टक्के आणि 27 ऑगस्टला आणखी 25 असे मिळून 50 टक्के बसले. म्हणजे तुमच्या कंदिलाला दोन्हीकडून मार. पोस्ट बंद पडण्याचं कारण मात्र वेगळंच. ड्युटी पार्सल निघण्याआधी वसूल करून भरायची असा हुकूम निघाला, पण ती कोणी गोळा करायची आणि कशी भरायची हे ठरलेलंच नव्हतं. विमान कंपन्या म्हणाल्या, आमची तयारी नाही, 25 तारखेनंतर टपालाचा माल घेणार नाही. त्यामुळे एकट्या भारताचंच नाही, कितीतरी देशांचं टपाल असंच अडकलंय. तुमची पार्सलं हरवलेली नाहीत, परत येतील. पोस्टेजचा परतावाही मिळतो, पावत्या टाकू नका.

तागडी:

मी सीए आहे, लहान निर्यातदारांची बरीच कामं करतो. थोडं रागावणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

ताई, तुम्ही सहा वर्षं निर्यात करताय आणि कागदोपत्री एक रुपयाही निर्यात झालेली नाही. भाची पैसे पाठवते ते बँकेला काय दिसतं? नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेले. मालाचे पैसे मालाचे म्हणूनच बँकेत यायला हवेत, त्याचा दाखला बँक देते. तो नसेल तर उद्या कोणी विचारलं की तुमच्याकडे दाखवायला काही नाही.

चाळीस लाखांचं म्हणाल तर ती मर्यादा खरी आहे, पण ती राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. कायद्यात निर्यात ही आंतरराज्य विक्रीत धरतात, आणि मालाच्या आंतरराज्य विक्रीला, काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर, उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. एक नग दुबईला पाठवला तरी लागते.

ऑनलाइन साइटचं आणखी वेगळं. पूर्वी अशा साइटवरून माल विकायचा तर सरसकट नोंदणी सक्तीची होती. गल्लीतला दुकानदार चाळीस लाखांपर्यंत मोकळा आणि तोच माल मोबाइलवरून विकणारी बाई पहिल्या रुपयापासून बांधलेली. 1 ऑक्टोबर 2023 पासून ते थोडं सैल झालं. नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही साइटवर विकता येतं. जीएसटीच्या पोर्टलवर पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तो साइटला द्यायचा. मुख्य अट ही: माल राज्याबाहेर जाता कामा नये.

मिरजकरीण:

थांबा थांबा. म्हणजे मिरजेहून बेळगावला कंदील विकता येणार नाही? रेल्वेने तीन तासांवर आहे हो, माझं सासर तिथलं! आणि नागपूरला चालेल, जिथे महाराष्ट्र एक्सप्रेसने आख्खा दिवस-रात्र जातो?

तागडी:

बरोबर समजलात. नागपूर चालेल, गोंदिया चालेल, बेळगाव नाही. आणि तुमचा खणच मुळी कर्नाटकातून येतो, म्हणजे जिथलं कापड तिथेच ते शिवून विकायला तुम्हाला नंबर लागणार.

म्हणून माझं म्हणणं, नंबर घेऊनच टाका. नोंदणीला फी नाही. वर्षाला सहा लाखांच्या धंद्याला विवरणपत्रं तीन महिन्यांनी भरायची सोय आहे. विक्री झाली नाही तरी भरायची, हे मात्र लक्षात ठेवा, माझ्या निम्म्या अशिलांना दंड तिथेच बसतो. कंपोझिशनवाली, म्हणजे लहान धंद्यांनी ठोक टक्क्याने कर भरायची, सोपी योजना कोणी सुचवेल, ती घेऊ नका, तीत राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. नंतर आयात-निर्यात कोड काढा, 500 रुपये फी, सगळं ऑनलाइन. तो दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन ताजा करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. मग एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करतो असं हमीपत्र. तेही दर आर्थिक वर्षाला नवं. इतकं झालं की निर्यातीवर जीएसटी शून्य, आणि खणावर भरलेला कर परत मागता येतो. सहा वर्षं तो तुम्ही सोडून दिलात.

देशातल्या साइटवर विकाल तेव्हा साइट तुमच्या विक्रीतून अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर, कापेल. तो बुडत नाही, पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसतो.

पेठकर स्टुटगार्ट:

जर्मनीचं मी सांगतो, आमच्या मंडळाने हेच सोसलंय. इथे 2021 च्या जुलैपासून युरोपबाहेरून आलेल्या विक्रीच्या प्रत्येक पार्सलवर व्हॅट, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, लागतो, जर्मनीत 19 टक्के. पूर्वी 22 युरोपर्यंत सूट होती, ती गेली. 2025 मध्ये 150 युरोपर्यंत कस्टम ड्युटी नव्हती, व्हॅट मात्र होताच. तो भरला तरी सुटका नाही. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपात विकायच्या मालावर युरोपातल्याच कुणा जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता हवा. माल धोकादायक निघाला तर सरकारने कुणाचं दार वाजवायचं, तर त्याचं. आणि कंदील म्हणजे आत बल्ब, बाहेर कापड. विचारणारच.

मार्ग एकच सुचतो. चाळीस घरांना चाळीस पार्सलं पाठवू नका. मंडळालाच म्हणा, तुम्ही स्वतःच्या नावावर एकत्र माल आयात करा. मग तो नाव-पत्ता मंडळाचाच देता येतो. आणि बल्ब, वायर काही पाठवू नका, नुसतं कापड आणि काड्या.

बेरकी:

सगळं जग एकीकडे आणि आपण भोळे. आपणही त्यांच्या पार्सलांवर अशीच ड्युटी ठोकली पाहिजे.

चौकस:

बेरकी, आपण ते 2019 मध्येच केलंय. 2019 च्या डिसेंबरपर्यंत परदेशातून पाच हजार रुपयांपर्यंतची भेट ड्युटीशिवाय येत असे. चिनी ॲपवाल्यांनी काय केलं, गिऱ्हाइकाने विकत घेतलेला कुर्ता आणि चार्जर ‘गिफ्ट’ म्हणून पाठवायला सुरुवात केली. तुमचीच युक्ती. मग 12 डिसेंबर 2019 ला अधिसूचना निघाली: टपालाने वा कुरियरने भेट म्हणून ड्युटीशिवाय माल आणायलाच बंदी. अपवाद दोन, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. पुढे कंसात स्पष्ट लिहिलंय की राखी चालेल, राखीसोबतची भेटवस्तू नाही. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बहिणीची राखी येऊ शकते, तिच्याबरोबरचं चॉकलेट ड्युटी भरून.

अमेरिकेची 800 डॉलरची सवलत गेली त्यातही मोठं कारण चिनी स्वस्त पार्सलांचा लोंढाच. चीनची सवलत मे महिन्यातच काढली, बाकीच्यांची ऑगस्टमध्ये. लोंढा कोणाचा आणि बांध कोणाच्या दारात.

आणि परदेशी कंपन्यांना आपणही मोकळं रान दिलेलं नाही. परकी भांडवलाच्या साइटला इथे फक्त बाजार मांडता येतो, स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. 2018 च्या शेवटी ते नियम आणखी आवळले, 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू. मिरजकरीणताईंसारख्यांना साइट स्वतःच गिळून टाकू नये म्हणून. ते कितपत साधलं हा वेगळा धागा होईल, इथे नको.

कशिदा:

जरा अवांतर. मी भरतकामाचे नमुने पीडीएफ करून विकते, गिऱ्हाईक तिकडे उतरवून घेतं. त्यावर आजवर कुठेच कस्टम भरावं लागलेलं नाही. 1998 मध्ये डब्ल्यूटीओतल्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतल्या, देशांनी इंटरनेटवरून पाठवलेल्या डिजिटल मालावर ड्युटी लावायची नाही असं ठरवलं आणि पुढे वेळोवेळी मुदत वाढवली. 2024 मध्ये वाढवलेली मुदत फार तर 31 मार्च 2026 पर्यंतची होती, आणि ती वाढवायला कुरकुर करणाऱ्यांत आपला देश पुढे असे. ताई, कंदिलाचं बेतकाम पीडीएफ करून विकायचं मनात आहे का?

मिरजकरीण:

कशिदा, बेत विकला तर शेजारच्या दोघींनी काय शिवायचं? पण कल्पना डोक्यात ठेवते.

तागडी, रागावलात ते बरं केलंत. जीएसटीचा अर्ज भरला. घराच्या वीजबिलावर सासऱ्यांचं नाव, त्यांना जाऊन सात वर्षं झाली, तिथे अडलंय. नवऱ्याचं संमतीपत्र जोडलं. बघू.

मिरजकरीण (अपडेट, वसुबारस):

15 ऑक्टोबरला अमेरिकेचं टपाल पुन्हा सुरू झालं. लक्ष्मीपूजन 21 ला! पोस्टातल्या मुलाने सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. बाकीची दोन पार्सलं त्याआधीच परत आली होती. कंदील सांगली, कोल्हापूर आणि पुण्याच्या प्रदर्शनात काढले, 34 पैकी 27 गेले. सात उरले, पुढच्या वर्षी.

ऑक्टोबर 2025 मधली पोस्टाची रीत अशी होती: जाहीर केलेल्या किमतीच्या 50 टक्के ड्युटी इथेच खिडकीवर पोस्टेजबरोबर भरायची, तिकडे घेणाऱ्याला काही द्यावं लागत नसे. शंभर डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट मोकळी.

तागडी:

यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. या 2025 च्या रीतीत पोस्टाने गेलं तर सरळ 50 टक्के, बस. खासगी कुरियरने किंवा व्यापारी मालासारखं गेलं तर त्या वस्तूची मूळ ड्युटी आणि तिच्यावर हे 50, शिवाय कुरियरचं हाताळणीचं बिल. कापडी मालाची मूळ ड्युटी कमी नसते. तेव्हा लहान पार्सल पोस्टानेच. डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे पोस्टाने निर्यातीचा फॉर्म, घरबसल्या भरता येतं. एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा जगभर चालणारा क्रमांक, नीट घाला, बटवे आणि पर्स 4202 मध्ये येतात. ‘हस्तकला’ एवढंच लिहून सोडू नका.

मिरजकरीण (अपडेट, मार्गशीर्ष):

जीएसटी नंबर आला, निर्यात कोड आला, हमीपत्र भरलं. पैसे पहिल्यांदाच माझ्या चालू खात्यावर मालाचे म्हणून आले. भाचीला म्हटलं, तुझी हिशेबाची वही आता बंद कर. ती रुसली.

जर्मनीचं मंडळ पुढच्या गणपतीपर्यंत ठरवणार आहे, मीही घाई केली नाही.

एडिसनहून संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर आली आहे, 60 बटवे. बटव्याचे 150 रुपये आणि त्यावर अमेरिकेचे 75. हे मी बिलात वेगळं लिहून पाठवलं, म्हटलं बघू काय म्हणतात. चाळीस मिनिटांत उत्तर आलं: 75 समजले, पण 60 नको, 45 करा, आणि जांभळा खण जास्त घ्या. जर्सीची काकू, तुम्ही त्याच हळदीकुंकवाला असाल तर दोन बटवे बाजूला ठेवायला सांगा, एक तुमचा आणि एक भाचीचा. ते दोन मी भेट म्हणून वेगळ्या पाकिटात पाठवतेय, खरोखरची भेट, बेरकींनी लक्षात घ्यावं.